टीपीएनची पिशवी: साका बसू नये, तेल सुटू नये

शिरेवाटे द्यायच्या पोषणाच्या पिशवीत, म्हणजे टीपीएनमध्ये, चाळीसच्या आसपास घटक एकत्र येतात. अमिनो ॲसिड (प्रथिनाचे घटक), डेक्स्ट्रोज (साखर), लिपिड (चरबी), सोडियम-पोटॅशियमचे क्षार, कॅल्शियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट, जीवनसत्त्वे, सूक्ष्म धातू. यांपैकी कोणाचे कोणाशी जमते याची यादी पाठ करून काम भागत नाही. कॅल्शियम आणि फॉस्फेट एकाच पिशवीत रोज बिनबोभाट राहतात. तेच दोन घटक तेवढ्याच मात्रेत, पण वेगळ्या क्रमाने घातले की पिशवी टाकून द्यावी लागते. निकाल लागतो तो पाच गोष्टींवर: घटक पडला त्या क्षणी पिशवीत असलेले द्रव, पीएच (आम्लतेचे माप, आकडा जितका कमी तितके द्रव आम्लधर्मी), तापमान, क्रम आणि वेळ. डॉक्टरांच्या ऑर्डरमध्ये यांतली एकही गोष्ट लिहिलेली नसते. त्या सगळ्या पिशवी भरणाऱ्याच्या आणि लावणाऱ्याच्या हातात असतात.

पुढचे आकडे काम समजून घेण्यासाठी आहेत. प्रत्यक्ष पिशवीसाठी तुमच्याकडच्या उत्पादनाचे माहितीपत्रक आणि संस्थेची लेखी पद्धत हेच अंतिम. अमिनो ॲसिडचा ब्रँड बदलला तरी मर्यादा बदलतात.

कॅल्शियम आणि फॉस्फेट

एप्रिल १९९४ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने एक इशारा काढला. लिपिडसह सगळे घटक एकत्र असलेल्या पिशव्यांमुळे दोन रुग्ण दगावले होते आणि आणखी काहींना श्वासाचा गंभीर त्रास झाला होता. शवविच्छेदनात फुफ्फुसांच्या बारीक रक्तवाहिन्यांत कॅल्शियम फॉस्फेटचे कण सापडले. पिशवी दुधासारखी पांढरी असल्याने साका कोणाला दिसला नव्हता. क्रम, फिल्टर आणि तपासणीचे आजचे बहुतेक नियम या इशाऱ्यापासून पक्के झाले.

रसायन समजले की नियम लक्षात ठेवावे लागत नाहीत. द्रावणात फॉस्फेट मुख्यतः दोन रूपांत असते. मोनोबेसिक रूपाचे कॅल्शियम फॉस्फेट लिटरला सुमारे १८ ग्रॅम विरघळते, डायबेसिक रूपाचे फक्त ०.३ ग्रॅम. म्हणजे फरक साठ पटींचा. कोणते रूप किती, हे पीएच ठरवतो. पीएच ७.२ ला दोन्ही निम्मी निम्मी असतात, ६.२ ला डायबेसिक सुमारे ९ टक्के उरते आणि ५.२ ला जेमतेम १ टक्का. पिशवी जितकी आम्लधर्मी तितका साका दूर. म्हणून पीएच वाढवणारी प्रत्येक गोष्ट संशयाने पाहायची.

पीएच खाली ठेवायचे काम अमिनो ॲसिड आणि डेक्स्ट्रोज करतात. अमिनो ॲसिड शिवाय कॅल्शियम आणि फॉस्फेट दोघांनाही थोडेफार बांधून ठेवते. यातून निघणारी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते: मूत्रपिंडाच्या रुग्णाचे प्रथिन कमी केले आणि कॅल्शियम-फॉस्फेट आहे तेवढेच ठेवले, तर काल ठीक असलेली पिशवी आज साका धरू शकते. द्रव कमी करायला सांगितले तरी तेच होते. बदल प्रथिनाचा असो वा पाण्याचा, कॅल्शियम-फॉस्फेटची तपासणी पुन्हा पहिल्यापासून करायची.

कॅल्शियम ग्लुकोनेट वापरायचे, क्लोराइड नाही. क्लोराइड पाण्यात जवळजवळ पूर्ण सुटे होते आणि मोकळे कॅल्शियम लगेच फॉस्फेटला भेटते. ग्लुकोनेट तेवढे सुटत नाही. दहा टक्के ग्लुकोनेटच्या एका मिलीत ०.२३ मिलिमोल कॅल्शियम असते. काचेच्या बाटलीतल्या ग्लुकोनेटमध्ये काचेतून उतरलेले ॲल्युमिनियम बरेच असते. नवजात बाळे आणि दीर्घकाळ टीपीएनवर असलेल्या रुग्णांसाठी प्लास्टिकच्या बाटलीतले मिळत असेल तर तेच घ्यावे.

तापमानाची बाब उलटी वाटेल अशी आहे. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, म्हणून गरम केले की सगळेच जास्त विरघळेल असा समज असतो. इथे उलट होते. उष्णतेने ग्लुकोनेटमधून जास्त कॅल्शियम सुटते आणि फॉस्फेटही डायबेसिक रूपाकडे झुकते. फ्रिजमध्ये स्वच्छ दिसलेली पिशवी २५ अंशांवर किंवा बाळाच्या इन्क्युबेटरमधून जाणाऱ्या नळीत साका टाकू शकते. पिशवी गरम पाण्यात बुडवणे, मायक्रोवेव्हमध्ये ठेवणे, हीटरजवळ टांगणे, यांतले काहीही करायचे नाही. लावायच्या आधी थोडा वेळ फ्रिजबाहेर ठेवली की पुरते.

वेळही मोजायची. साका नेहमी घातल्या घातल्या बसत नाही. आधी डोळ्यांना न दिसणारे कण तयार होतात आणि तासांगणिक वाढतात. भरताना स्वच्छ दिसली, एवढ्यावर पुढच्या चोवीस तासांची खात्री देता येत नाही.

हिशेब कोणत्या आकारमानावर करायचा

सर्वात जास्त चुका इथे होतात, म्हणून एक पिशवी पूर्ण मांडू. प्रौढ रुग्णासाठी २००० मिली: अमिनो ॲसिड १० टक्के ८०० मिली, डेक्स्ट्रोज ५० टक्के ५०० मिली, लिपिड २० टक्के २५० मिली, पाणी ३८५ मिली. शिवाय मिलीला ३ मिलिमोल फॉस्फेट असलेले पोटॅशियम फॉस्फेट १० मिली, मिलीला ४ मिलिमोलचे सोडियम क्लोराइड २० मिली, मॅग्नेशियम सल्फेट ५० टक्के ४ मिली, कॅल्शियम ग्लुकोनेट १० टक्के २० मिली, सूक्ष्म धातू १ मिली, जीवनसत्त्वे १० मिली.

फॉस्फेट ३० मिलिमोल, कॅल्शियम ४.६५ मिलिमोल. तयार पिशवीवर हिशेब केला तर लिटरला १५ आणि २.३, गुणाकार साधारण ३५. पण कॅल्शियम पडते तेव्हा लिपिड आणि जीवनसत्त्वे अजून आत नसतात. पिशवीत १७४० मिली असते आणि गुणाकार ४६ होतो, म्हणजे सुमारे ३२ टक्के जास्त. कोणी घाईत कॅल्शियम आणि फॉस्फेट दोन्ही नुसत्या ८०० मिली अमिनो ॲसिडमध्येच ओतले, तर तो २१८ वर जातो, तयार पिशवीच्या सव्वासहा पट. आकारमान निम्मे झाले की गुणाकार चौपट होतो, कारण दोन्ही बाजू एकदमच दाट होतात. आणि एकदा साका बसला की वर कितीही पाणी घाला, तो वेळेत परत विरघळत नाही.

हा गुणाकार दोन कृतींची तुलना करायला आणि धोका कुठे वाढतो ते पाहायला चांगला. ‘अमुक आकड्याच्या खाली म्हणजे सुरक्षित’ अशी एकच रेघ मात्र ओढता येत नाही, कारण पीएच, अमिनो ॲसिडचा ब्रँड, प्रथिनाचे प्रमाण आणि तापमान त्यात येतच नाही. मर्यादा पाहायची ती त्या अमिनो ॲसिडच्या उत्पादनासाठी प्रकाशित झालेल्या विद्राव्यता-आलेखावर, आणि आलेखाच्या रेषेवर नाही तर तिच्या बरेच खाली थांबायचे. काही अमिनो ॲसिड उत्पादनांत मुळातच फॉस्फेट असते. ते हिशेबात धरायचे राहून गेले तर आलेख पाहूनही उपयोग नाही.

या सगळ्यातून सुटण्याचा सर्वात चांगला मार्ग म्हणजे सेंद्रिय फॉस्फेट. सोडियम ग्लिसरोफॉस्फेटमधला फॉस्फेट कार्बनच्या साखळीला बांधलेला असतो. तो पिशवीत कॅल्शियमशी साका करत नाही, शरीरात गेल्यावर सुटतो. मिलीला १ मिलिमोल फॉस्फेट आणि २ मिलिमोल सोडियम, असे त्याचे प्रचलित द्रावण मिळते. त्यातले सोडियम मात्र हिशेबात घ्यायलाच हवे.

नवजात बाळांच्या बाबतीत हा पर्याय जवळपास गरजच होऊन बसतो. कमी दिवसांच्या बाळाला किलोमागे रोज २ मिलिमोल कॅल्शियम आणि २ मिलिमोल फॉस्फेट द्यायचे आणि द्रव किलोमागे १०० मिलीच असेल, तर पिशवीत दोन्ही लिटरला २० मिलिमोल होतात. वरच्या प्रौढ पिशवीतला ३५ चा गुणाकार इथे ४०० होतो. शिवाय दर तासाला फार थोडे द्रव जाते, त्यामुळे तेच द्रव उबदार नळीत बराच वेळ पडून राहते. असेंद्रिय फॉस्फेट वापरावेच लागले तर पीएच कमी असलेले बालकांचे अमिनो ॲसिड घेतात आणि त्यात सिस्टीन हायड्रोक्लोराइड (सिस्टीन हे एक अमिनो ॲसिड) घालतात, प्रचलित प्रमाण अमिनो ॲसिडच्या दर ग्रॅममागे ४० मिलिग्रॅम. सिस्टीनने पीएच आणखी उतरतो. तोच उतरलेला पीएच लिपिडला मानवत नाही, म्हणून अशा पिशवीत लिपिड मिसळत नाहीत, वेगळ्या सिरिंजमधून देतात. सिस्टीन टिकतही नाही. ते ऑक्सिडाइज होऊन सिस्टाइन बनते, आणि सिस्टाइन पाण्यात फारसे विरघळत नाही. म्हणून ते शेवटच्या टप्प्यावर घालायचे.

भरण्याचा क्रम

हाताने भरताना पुढचा क्रम सुरक्षित पडतो. यंत्राने भरत असाल तरी तत्त्व हेच, फक्त ते यंत्राच्या सेटिंगमध्ये बसवावे लागते.

१. आधी अमिनो ॲसिड, मग डेक्स्ट्रोज, मग पाणी. हा पाया जितका मोठा तितके पुढचे सगळे सोपे, म्हणून पाणी शेवटी ‘भर घालायला’ राखून ठेवू नये.

२. फॉस्फेट. पिशवी पाच-सहा वेळा हळू उलटीपालटी करायची. जोरात हलवून फेस करायचा नाही.

३. सोडियम आणि पोटॅशियमचे उरलेले क्षार, मग मॅग्नेशियम, मग सूक्ष्म धातू. प्रत्येकाला वेगळी सिरिंज. पुन्हा उलटीपालटी.

४. कॅल्शियम. फॉस्फेट आणि कॅल्शियम यांच्यामध्ये बाकी सगळे येऊन गेलेले असावे, आणि दोन्ही एकाच नळीतून जात असतील तर मध्ये पाण्याने ती धुतलेली असावी. यंत्राच्या सामायिक नळीत राहिलेला फॉस्फेटचा थेंब संपूर्ण ताकदीचा असतो. कॅल्शियम हळूहळू, पिशवी हलवत घालायचे.

५. आता थांबून पाहायचे. चांगल्या उजेडात आधी काळ्या, मग पांढऱ्या पार्श्वभूमीवर. धूसरपणा, चमचमणारे कण, तळाशी पांढरे काही, घडीत अडकलेले काही. साका तपासायची ही शेवटची चांगली संधी, लिपिड पडल्यावर तो दिसणे कठीण.

६. लिपिड. पुन्हा हळुवार उलटीपालटी.

७. जीवनसत्त्वे, शक्यतो लावायच्या थोडेच आधी.

लिपिड कधीही नुसत्या डेक्स्ट्रोजवर ओतायचे नाही. डेक्स्ट्रोजचा पीएच ४ च्या आसपास असतो आणि त्याला आवर घालायला अमिनो ॲसिड आधी हजर हवे. बायकार्बोनेट पिशवीत घालायचेच नाही. ते पीएच वाढवते, कॅल्शियमबरोबर अविद्राव्य कार्बोनेट करते, शिवाय कार्बन डायऑक्साइड सुटतो तो वेगळाच. रुग्णाची आम्लता भरून काढायची असेल तर सोडियम किंवा पोटॅशियमचे ॲसिटेट वापरतात, शरीरात त्याचे बायकार्बोनेट होते.

तयार तीन कप्प्यांच्या पिशवीत आधी कप्प्यांमधल्या शिवणी फोडून तिन्ही द्रव एकत्र करायचे, मगच वरचे क्षार घालायचे. कप्पे वेगळे ठेवण्यामागेही रसायनच आहे: डेक्स्ट्रोज आणि अमिनो ॲसिड एकत्र निर्जंतुक केले तर उष्णतेने त्यांची आपसात अभिक्रिया होऊन द्रव तपकिरी होते. किती क्षार घालता येतील याचा तक्ता उत्पादक देतो. त्यातला आकडा बहुधा पिशवीतले मूळचे धरून असतो, ‘आणखी इतके’ असा नसतो. तक्ता वाचताना ही गल्लत सर्रास होते.

भरून झाल्यावर पिशवी तोलायची सवय चांगली. वरच्या पिशवीचे अपेक्षित वजन, रिकामी पिशवी सोडून, सुमारे २११० ग्रॅम येते, कारण ५० टक्के डेक्स्ट्रोजची घनता १.१७ आहे आणि लिपिडची ०.९९. एखादा मोठा घटक पडायचाच राहिला तर काटा लगेच सांगतो. पण १०० मिली डेक्स्ट्रोजच्या जागी १०० मिली पाणी गेले तर फरक १७ ग्रॅमच पडतो, आणि तो काट्याला ‘ठीक’ वाटेल. पोटॅशियमची चूक तर वजनात दिसायचीच नाही. तोलणे हे वाचून पडताळण्याच्या जोडीला, त्याच्या जागी नाही.

लिपिड का फुटते

लिपिड इमल्शन म्हणजे पाण्यात तरंगणारे तेलाचे थेंब, सरासरी अर्ध्या मायक्रॉनपेक्षा लहान. अंड्यातल्या फॉस्फोलिपिडचे आवरण प्रत्येक थेंबाला ऋण भार देते. सारख्या भाराचे थेंब एकमेकांना दूर ढकलतात, एवढ्याच जोरावर सगळे टिकून असते. हा भार दोन गोष्टींनी पुसला जातो: पीएच ५ च्या खाली जाणे आणि धन भाराचे आयन वाढणे.

आयनांचा परिणाम त्यांच्या भारानुसार झपाट्याने वाढतो. सोडियम-पोटॅशियमचा प्रभाव १ धरला तर कॅल्शियम-मॅग्नेशियमसारख्या दोन भारांच्या आयनांचा ६४ आणि तीन भारांच्या लोहाचा ७२९. यावरून क्रिटिकल ॲग्रिगेशन नंबर काढतात: एक भाराच्या आयनांचे लिटरला मिलिमोल, अधिक दोन भारांचे गुणिले ६४, अधिक तीन भारांचे गुणिले ७२९. वरच्या पिशवीत सोडियम ८० आणि पोटॅशियम ४४, दोन लिटरमध्ये म्हणून लिटरला ६२. कॅल्शियम ४.६५ आणि मॅग्नेशियम ८.१ मिळून लिटरला ६.४, गुणिले ६४ म्हणजे सुमारे ४१०. एकूण ४७० च्या आसपास. सोडियमच्या सगळ्या हालचालींपेक्षा मॅग्नेशियमची एक वाढीव सिरिंज किती जड पडते ते यातून कळते. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळून लिटरला १० मिलिमोलच्या आत ठेवायचे, हा जुना व्यवहारी नियम अजूनही उपयोगी आहे. आयर्न डेक्स्ट्रान हे लोहाचे औषध लिपिडच्या पिशवीत कधीच घालायचे नाही.

दुसऱ्या बाजूने, पिशवी फार पातळही चालत नाही. तयार पिशवीत अमिनो ॲसिड किमान ४ टक्के, डेक्स्ट्रोज किमान १० टक्के आणि लिपिड किमान २ टक्के असावे, असे मार्गदर्शन आहे. आपल्या उदाहरणात ते अनुक्रमे ४, १२.५ आणि २.५ आहे, म्हणजे प्रथिन अगदी काठावर. डॉक्टरांनी प्रथिन आणखी कमी करायला सांगितले, तर लिपिड वेगळे लावण्याचा प्रस्ताव फार्मसीनेच पुढे करावा.

बिघाड टप्प्याटप्प्याने होतो आणि टप्पा ओळखणे महत्त्वाचे. आधी थेंब एकमेकांना चिकटून वर येतात आणि पिशवीच्या वरच्या भागात दुधावर साय धरावी तसा दाट पांढरा थर दिसतो. थेंब अजून स्वतंत्र असतात, हळू उलटीपालटी केली की थर मिसळून जातो आणि पिशवी चालते. पुढच्या टप्प्यात थेंब एकमेकांत विरघळून मोठे होतात. पृष्ठभागावर पिवळसर तेलाचे मणी, पिशवीच्या कडेला तेलाच्या रेघा, किंवा वर पिवळा थर दिसतो. हे परत फिरत नाही. पिशवी हलवून ‘बरी’ दिसली तरी द्यायची नाही. मोठे थेंब फुफ्फुसांच्या केशवाहिन्यांत अडकतात. अमेरिकी औषधसंहितेत मूळ इमल्शनसाठी ५ मायक्रॉनपेक्षा मोठ्या थेंबांतल्या चरबीची मर्यादा ०.०५ टक्के आहे. डोळ्यांना दिसेपर्यंत ती कितीतरी ओलांडलेली असते.

लिपिडची पिशवी गोठवायची नाही. गोठून सुटलेले इमल्शन फुटलेलेच असते. पीव्हीसीची पिशवी आणि नळीही टाळायची, कारण त्या प्लास्टिकला मऊ करणारे डीईएचपी हे रसायन चरबीत उतरते.

जीवनसत्त्वे आणि सूक्ष्म धातू

इथे प्रश्न साक्यापेक्षा नासण्याचा आहे. सर्वात आधी जाते ते क जीवनसत्त्व. पिशवीतल्या ऑक्सिजनने ते नासते आणि तांबे त्या अभिक्रियेला वेग देते. नासताना शेवटी ऑक्झलेट तयार होते आणि ते कॅल्शियमला भेटून कॅल्शियम ऑक्झलेटचा साका देऊ शकते. क जीवनसत्त्वाची मोठी मात्रा पिशवीत घालायला सांगितली तर हा मुद्दा पुढे आणावा. साध्या ईव्हीए प्लास्टिकच्या पिशवीतून हवा आत झिरपते. अनेक थरांची, ऑक्सिजन अडवणारी पिशवी हे नुकसान बरेच कमी करते. पिशवीत अडकलेली हवा भरल्यावर बाहेर काढायची, तो फुकटचा फायदा.

अ जीवनसत्त्व दिवसाच्या उजेडाने जाते आणि काही रूपे प्लास्टिकला चिकटतात. खिडकीजवळच्या खाटेवर ठरलेली मात्रा रुग्णापर्यंत पोहोचत नाही. बी-१ जीवनसत्त्वाचा शत्रू सल्फाइट, तो काही अमिनो ॲसिडमध्ये टिकाऊपणासाठी घातलेला असतो. बी-२ स्वतः नासतेच, वर उजेडात पेरॉक्साइड तयार व्हायला हातभार लावते. पेरॉक्साइडचा त्रास सर्वात जास्त अकाली जन्मलेल्या बाळांना. युरोपच्या औषध संस्थेने २०१९ मध्ये नवजात आणि दोन वर्षांखालील मुलांच्या पोषणाच्या पिशव्या व नळ्या उजेडापासून झाकायला सांगितले. झाकायचे ते पिशवीपासून रुग्णापर्यंत. पिशवीवर पिवळे आवरण आणि नळी उघडी, याला काही अर्थ नाही.

जीवनसत्त्वे आणि सूक्ष्म धातू एका सिरिंजमध्ये ओढायचे नाहीत. त्या दाट मिश्रणात क जीवनसत्त्व सेलेनाइटमधले सेलेनियम मुक्त करू शकते, ते मग उपयोगी पडत नाही. तांबे आणि सिस्टीन एकत्र आले की रंग बदलतो आणि तांब्याच्या सल्फाइडचे कण दिसू शकतात. जीवनसत्त्वे घातल्यावर पिशवी चोवीस तासांत संपवायची.

पिशवीत औषध

पिशवी म्हणजे औषध पोहोचवायचे वाहन नव्हे. औषध घातलेच नाही तर ते पिशवीत चालते का हे शोधावेही लागणार नाही. इन्सुलिन घालायचेच तर साधे रेग्युलर, आणि त्यातला काही भाग पिशवीला व नळीला चिकटतो हे धरूनच साखर तपासायची. हेपरिन कॅल्शियमच्या संगतीत लिपिडचे थेंब जोडून मोठे करते, म्हणून लिपिडच्या पिशवीत नको. अल्ब्युमिन नको. वाय-साइटवरून, म्हणजे टीपीएनच्या नळीला मध्येच जोडून, द्यायच्या औषधांचाही विचार तसाच: फेनिटॉइन आम्लधर्मी द्रावणात खाली बसते, ॲसायक्लोव्हिर आणि ॲम्फोटेरिसिन टीपीएनच्या नळीतून देत नाहीत. सेफ्ट्रायॲक्झोन आणि कॅल्शियम एकत्र येऊन बनणाऱ्या साक्याने नवजात बाळे दगावली आहेत. नवजात बाळांना ही जोडी अजिबात नाही. इतरांना एकाच वेळी एका नळीतून नाही, आणि मागेपुढे द्यायचे तर मध्ये नळी नीट धुऊनच. एखाद्या जोडीबद्दल खात्रीची माहिती मिळत नसेल, तर ‘चालत नाही’ असेच समजायचे.

ठेवणे, लावणे आणि फिल्टर

तयार पिशवी २ ते ८ अंशांवर, उजेडापासून दूर. किती दिवस ठेवायची ते संस्थेच्या निर्जंतुकतेच्या नियमावर आणि स्थिरतेच्या माहितीवर ठरते, दोन्हींत जो काळ कमी तो धरायचा. लावलेली पिशवी चोवीस तासांवर उतरवायची, थोडी राहिली असली तरी. लिपिड वेगळे सिरिंजमध्ये भरून देत असाल तर बारा तास.

खोलीच्या तापमानावर आल्यावर लावणाऱ्याने पिशवी पुन्हा पाहायची. फार्मसीने पाहिली तेव्हा ती थंड होती, म्हणजे साक्याला अनुकूल परिस्थिती आत्ताच तयार झाली आहे. पण नुसत्या डोळ्यांना साधारण ५० मायक्रॉनच्या खालचे कण दिसत नाहीत आणि फुफ्फुसातली केशवाहिनी ५ ते १० मायक्रॉनची. या मधल्या अंतरासाठी फिल्टर आहे. लिपिड असलेल्या पिशवीला १.२ मायक्रॉनचा, रुग्णाच्या जितका जवळ बसेल तितका. बारीक ०.२२ मायक्रॉनचा फिल्टर फक्त लिपिड नसलेल्या द्रावणाला, त्यातून इमल्शन जात नाही. १.२ चा फिल्टर मोठे कण, मोठे थेंब, हवा आणि कँडिडा ही बुरशी अडवतो, जीवाणू अडवत नाही, म्हणून त्याच्या भरवशावर निर्जंतुकतेत ढील द्यायची नाही. पिशवीबरोबर दर चोवीस तासांनी तोही बदलायचा.

पंप ‘अडथळा’ दाखवू लागला की सगळ्यात वाईट प्रतिक्रिया म्हणजे फिल्टर काढून नळी सरळ जोडणे. फिल्टरने त्याचे काम केले आहे. आधी क्लॅम्प, वळलेली नळी, फिल्टरची दिशा पाहायची. ते सगळे ठीक असेल तर द्रव थांबवायचे, पिशवी, नळी आणि फिल्टर तसेच्या तसे एकत्र बांधून फार्मसीकडे पाठवायचे आणि डॉक्टरांना कळवायचे. साखर अचानक उतरू नये म्हणून नवी पिशवी येईपर्यंत बहुधा १० टक्के डेक्स्ट्रोज सुरू करायला सांगितले जाते. ते नव्या नळीतून द्यायचे आणि मधल्या काळात साखर तपासत राहायचे.

फार्मसीत आल्यावर भरल्याची नोंद काढायची: कॅल्शियम कितव्या क्रमाने पडले, तेव्हा पिशवीत किती द्रव होते, अमिनो ॲसिडचा ब्रँड नेहमीचाच होता का, फॉस्फेट सेंद्रिय होते की असेंद्रिय, पिशवी फ्रिजमधून कधी निघाली. मग तीच कृती लिपिड न घालता छोट्या प्रमाणात भरायची, ३७ अंशांवर चोवीस तास ठेवायची आणि अंधाऱ्या जागी प्रकाशाच्या अरुंद झोतात पाहायची. कण असतील तर ते झोतात चमकतात. त्याच कृतीच्या उरलेल्या पिशव्या हे उत्तर येईपर्यंत फ्रिजमध्ये, वेगळ्या खणात, ‘देऊ नये’ असे लिहून ठेवायच्या.